प्रोस्पेर कास्तेराचा प्राणवायू

प्रोस्पेर कास्तेराची वाइन आमच्या गावात कुणी पीत नाही. लोक ती विकत घेतात, तळघरात आडवी ठेवतात आणि मुलांच्या नावावर करून मरतात. पिण्याचं काय ते मुलांनी बघायचं.

नैऋत्य फ्रान्समधल्या आमच्या मादिराँची वाइन तशी मुळातच तापट. तान्ना नावाचं आमचं द्राक्ष काळंकुट्ट, जाड सालीचं आणि भयंकर तुरट. पहिल्या दोन-तीन वर्षांत घोट घेतला तर जीभ टाळूला चिकटते आणि माणूस थोडा वेळ बोलायचा थांबतो. काही घरांत याचा मुद्दाम उपयोग करतात. पण आम्ही बाकीचे शेतकरी निदान थोडी दयामाया दाखवतो. दुसरी एखादी मऊ जात त्यात मिसळतो, साली लवकर बाहेर काढतो. प्रोस्पेरला असले लाड मंजूर नव्हते. नुसतं तान्ना, साली शेवटपर्यंत आत, आणि मग थांबायचं. दहा वर्षांत बाटली उघडणारा माणूस त्याच्या लेखी उतावळा होता. पंधरा वर्षं ठीक.

गुरांचा डॉक्टर एकदा त्याच्याकडे गाय व्यायला आली म्हणून गेला होता. काम झाल्यावर प्रोस्पेरने त्याला दोन वर्षांची वाइन पाजली. डॉक्टरची वरची कवळी अशी घट्ट बसली की गोऱ्हा झाला की कालवड हे त्याला बाहेर येऊन सांगता येईना. त्याने ते हातवारे करून दाखवलं, आणि नेमके पाद्रीबाबा रस्त्याने चालले होते.

‘अजून झाली नाही’ हे प्रोस्पेरचं आवडतं वाक्य. वाइनबद्दल म्हणायचा, चीजबद्दल म्हणायचा, नव्या बुटांबद्दल म्हणायचा. आमचा सरपंच साठीला आलेला माणूस. त्याच्याबद्दल प्रोस्पेर चारचौघांत म्हणायचा, “पोरगा बरा आहे. पण अजून झाला नाही.” स्वतः प्रोस्पेर मात्र जन्मतःच झालेला होता, असं त्याचं मत. तरुणपणी रग्बी खेळताना त्याचा एक कान चुरगळला गेला. त्या कानाने त्याला फक्त सोयीचं ऐकू येई.

त्याची बायको नोएली अदूर नदीच्या पलीकडची. तिकडची वाइन हलकी, हसतमुख. लग्नाच्या दिवशी सासऱ्याने तिच्या हातात कास्तेरांच्या वाइनचा पेला दिला आणि सगळं खानदान तिच्या तोंडाकडे बघत उभं राहिलं. पोरीने डोळे मिटून तो एका दमात संपवला. टाळ्या पडल्या. प्रोस्पेरने समजून घेतलं की हिला आवडली. तेव्हापासून रोज संध्याकाळी तो तिच्यासाठी पेला भरतो आणि ती रोज डोळे मिटून एका दमात संपवते. त्यांना मूलबाळ नाही. दोघांचा संसार म्हणजे तो पेला, काही बदकं आणि भांडणं.

आता माझ्याकडे येतो. मी फेलिक्स साराद. माझी द्राक्षबाग प्रोस्पेरच्या बागेला लागून आहे, आणि मी वाइनला ऑक्सिजन देतो. यात लपवण्यासारखं काही नाही, ही युक्ती आमच्याच भागात निघाली. टाकीच्या तळाशी नळी सोडायची आणि ऑक्सिजनचे अगदी बारीक, डोळ्यांना दिसणारसुद्धा नाहीत असे बुडबुडे महिनोन्महिने सोडत राहायचे. तुरटपणा हळूहळू मवाळ होतो. जे काम काळ पंधरा वर्षांत करतो ते दोन वर्षांत होतं आणि गिऱ्हाईक जिवंत असताना वाइन पितं.

प्रोस्पेरने यावरून माझं जिणं हराम केलं. तो माझ्या शेडमध्ये यायचा तो टोपी काढून, चवड्यांवर चालत. टाकीला हात लावून ताप बघायचा. मग दवाखान्यात बोलतात तशा हळू आवाजात विचारायचा, “कशी आहे आता? रात्री झोप लागली का तिला?” एकदा तर जाळीच्या पिशवीतून संत्री घेऊन आला आणि माझ्या टाकीच्या पायथ्याशी ठेवून गेला. गिऱ्हाइकं उभी होती. त्यातलं एक बेल्जियमचं जोडपं होतं, ते घाबरून काहीच न घेता निघून गेलं. मी त्याला वाट्टेल ते बोललो. त्याने चुरगळलेला कान माझ्याकडे केला.

अशी बरीच वर्षं गेली. मग गेल्या हिवाळ्यात देव माझ्या बाजूने झाला.

प्रोस्पेरला धाप लागायला लागली. आयुष्यभर ओढलेली तंबाखू आणि गंधक जाळून पिंपं धुरवताना छातीत गेलेला धूर, दोघांनी मिळून त्याची फुप्फुसं खाल्ली होती. शहरातल्या डॉक्टरने तपासलं आणि नोएलीसमोर स्पष्ट सांगितलं, “दिवसाचा जास्तीत जास्त वेळ आणि रात्रभर नाकाला ऑक्सिजन लावायचा. टाळाटाळ केलीत तर हृदय थकेल आणि पुढची द्राक्षतोडणी तुम्हाला दिसणार नाही.” दुसऱ्या दिवशी घरी मशीन आलं. लहानशा कपाटाएवढं, सारखं घुरघुरणारं. त्याला एक पारदर्शक नळी, नळीच्या टोकाला नाकपुड्यांत घालायची दोन बारकी शिंगं.

मी त्याच दिवशी संत्री घेऊन गेलो.

टोपी काढली, चवड्यांवर चालत आत गेलो, पिशवी त्याच्या खुर्चीच्या पायथ्याशी ठेवली आणि विचारलं, “रात्री झोप लागली का?” प्रोस्पेर माझ्याकडे बघत राहिला. नाकात नळी असताना माणसाला तुच्छतेने बघता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. नोएली चुलीकडे तोंड करून हसत होती. माझ्या आयुष्यातली ती फार सुंदर दुपार होती आणि मला तिची जराही लाज वाटत नाही.

पण गावाने त्यातून भलतंच काढलं. आमच्या गावात तान्नाशिवाय दुसरं शास्त्र कुणाला येत नाही. ऑक्सिजन दिला की तुरटपणा जातो, एवढं सगळ्यांना पक्कं माहीत. तेव्हा आता प्रोस्पेर मवाळ होणार, यावर गावाचं एकमत झालं. फक्त किती दिवसांत, यावर वाद. लोक डोळ्यांत तेल घालून लक्षणं बघायला लागले. एका गुरुवारी त्याने पाववालीला ‘आभारी आहे’ म्हटलं. तिने दुकान बंद केलं आणि बातमी सांगत फिरली. पुढच्या आठवड्यात त्याने सरपंचाच्या कुत्र्याला थोपटलं. न्हाव्याच्या दुकानात तर कुणीतरी पैज लावली, “दोन वर्षं द्या. लोण्यासारखा होतोय बघा म्हातारा.”

ते नेमकं तिथेच खुर्चीत दाढी करून घेत बसलेल्या प्रोस्पेरच्या चांगल्या कानावर पडलं. अर्धी दाढी तशीच ठेवून तो घरी आला आणि नळी उपटून टाकली.

“मी काय फेलिक्सची टाकी आहे?” तो नोएलीवर ओरडला. “तुरट जन्मलो, तुरट मरेन.”

“मर,” नोएली म्हणाली. “पण आधी उरलेली दाढी कर.”

वरवर असं बोलली, पण त्या रात्री तिने एकही भांडं न आपटता ठेवलं नाही. तिला भीती वाटली की ती भांडी आपटते. पुढचे काही आठवडे त्या घरातून नुसता भांड्यांचा आवाज येत होता. नळी खुंटीवर लटकत होती आणि प्रोस्पेर बागेत चार वेली छाटल्या की खांबाला धरून उभा राहत होता.

आणि मग फेब्रुवारीत अचानक तो शहाण्यासारखा वागायला लागला. आठवड्यातून दोनदा येणाऱ्या नर्सला त्याने स्वतःहून विचारलं, “याहून लांब नळी मिळते का हो? घरात हिंडताफिरता येईल, तळघरात जाता येईल अशी?” ही नर्स म्हणजे सोलेन, ब्रिटनी प्रांतातून आलेली गुणी पोरगी. तिने आनंदाने लांबच लांब नळी आणून दिली. मशीन सकाळपासून रात्रीपर्यंत घुरघुरायला लागलं. किती वेळ चाललं ते त्याच्या आतच मोजलं जातं. सोलेन तो आकडा बघून खूश. येताच ती त्याच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावायची, तोही आकडा बरा यायचा. नोएलीने गावच्या चर्चमध्ये मेणबत्ती लावली.

तरी प्रोस्पेर खंगत चालला होता.

“मशीन दिवसभर चालू असतं, नळी लावून तो तळघरात बसतो, फेलिक्स,” नोएली एक दिवस माझ्या शेडच्या दारात येऊन म्हणाली. एप्रिल लागला होता. “मग तो असा का होत चाललाय? काल बटाट्याची टोपली उचलताना भिंतीला टेकला.”

“सोलेन काय म्हणते?”

“आकडे चांगले आहेत म्हणते. फक्त ओठ निळसर दिसतात म्हणाली. मी म्हटलं, बाळा, या गावात सगळ्यांचेच दिसतात.”

हे खरं होतं. तान्ना पिणाऱ्या माणसाचे ओठ बारा महिने जांभळे असतात. आमच्या गावात कुणाचा श्वास कोंडला तर तो ओठांवरून ओळखायची सोय नाही.

नोएलीने ॲप्रनला हात पुसले. हात कोरडेच होते. “जूनमध्ये लग्नाला पन्नास वर्षं होतील,” ती म्हणाली. “मला वाटत नाही तो तेवढा टिकेल.”

मी तिला म्हटलं की मी बघतो. काय बघणार होतो ते मलाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती बाजाराला गेल्यावर मी नरसाळं मागायच्या निमित्ताने त्यांच्याकडे गेलो. प्रोस्पेर चुलीपाशी खुर्चीत बसला होता. कोपऱ्यात मशीन घुरघुरत होतं. त्याच्या नाकात काही नव्हतं.

“नळी कुठे आहे?”

“आत्ताच काढली. शिंकायला.”

“आणि नरसाळं?”

“उद्या ये,” तो घाईने म्हणाला, “खाली अंधार आहे.”

या माणसाने मला आयुष्यात कधी ‘उद्या ये’ म्हटलं नव्हतं, ‘येऊ नकोस’ म्हटलं होतं. मी मशीनकडे बघितलं. नळी तिथून निघून भिंतीच्या कडेकडेने, फडताळामागून, तळघराच्या झडपेखाली गेली होती. तो उठायच्या आत मी झडप उघडून खाली उतरलो.

दिवा लावायची गरजच पडली नाही. तो आवाज मी झोपेतही ओळखतो. शेवटच्या मोठ्या पिंपाचं बूच काढलेलं होतं, आत नळी सोडलेली होती, आणि पिंप गुडगुडत होतं. नळी ओढून बघितली तर टोकाला मासे पाळणारे टाकीत सोडतात तो बुडबुड्यांचा दगड बांधलेला. धार बारीक करायला मधे दोऱ्याची गाठ. म्हणजे डॉक्टरने प्रोस्पेरला लिहून दिलेला प्राणवायू पिंप ओढत होतं. तो स्वतः नोएलीची पावलं वाजली किंवा सोलेनची गाडी चर्चच्या वळणावर खडखडली की नळी उपसून नाकात घालत होता आणि त्या गेल्या की पुन्हा खाली सोडत होता.

मला आधी काय वाटलं ते खरं सांगतो. मला त्याच्या कामाचा राग आला.

“हे काय आहे?” मी वर बघून ओरडलो. “वाटाण्याएवढे बुडबुडे सोडतोयस! वाइन करतोयस की धुणं धुतोयस? आणखी महिनाभर असं केलं असतंस तर मेली असती ती.”

प्रोस्पेर एकेक पायरी उतरत खाली आला. शेवटच्या पायरीवर बसला. दम परत यायला बराच वेळ लागला. पिंपाकडे बघत त्याने विचारलं, “किती मोठे हवेत?”

“दिसायला नकोत.”

“दिसले नाहीत तर चाललंय हे कळणार कसं?”

“विश्वास ठेवायचा.”

“तेच मला जमत नाही,” तो म्हणाला.

मी पिंपातून थोडी वाइन काढून चाखली. दोन हिवाळे झालेली, त्या मोठ्या वर्षाची. ते वर्ष आमच्या सगळ्यांच्या लक्षात आहे, उन्हाने द्राक्षं पाटीसारखी काळी झाली होती. वाइन थोडी दमली होती, पण मजबूत होती. पंधरा वर्षांनी ती काय झाली असती हे मला त्या घोटात दिसलं.

“का?” मी विचारलं. “तू? माझ्याकडे संत्री घेऊन येणारा तू?”

तो पायरीकडे बघत बोलायला लागला. नाताळात नोएलीची बहीण आली होती. तो शेजारच्या खोलीत झोपलाय असं त्या दोघींना वाटत होतं. नोएली बहिणीला हसत हसत सांगत होती की पन्नास वर्षांत नवऱ्याच्या वाइनचा एक घोटसुद्धा तिला गोड लागला नाही. औषधासारखी डोळे मिटून घेते, पोटात गेली की देवाचे आभार मानते.

“मला वाटायचं ती आवडीने डोळे मिटते,” प्रोस्पेर म्हणाला.

मी पिंपाचं बूच शोधून पुन्हा बसवलं.

“जूनमध्ये पन्नास वर्षं होतायत. मला तिला एक पेला असा द्यायचा आहे की ती डोळे उघडे ठेवून पिईल. ही पंधरा वर्षांत तशी होईल. पण मला पंधरा वर्षं कोण देतोय? डॉक्टरने पुढची तोडणीसुद्धा देऊ केली नाही.” त्याने पिंपावर हात ठेवला. “प्राणवायू एकच होता. म्हटलं हिला जास्त उपयोगी पडेल.”

मला रडू आलं आणि त्याचा राग आला, दोन्ही एकदम. मी त्याला गाढव म्हटलं. म्हटलं, माझ्याकडे ऑक्सिजनच्या टाक्या रांगेने उभ्या आहेत, मला सांगायचं होतंस. तो म्हणाला, तुला सांगण्यापेक्षा मेलेलं परवडलं. आणि तो हे अगदी मनापासून म्हणाला.

शेवटी सौदा ठरला. पिंप माझ्या शेडमध्ये येईल, मी त्याला नीट, माझ्या पद्धतीने ऑक्सिजन देईन, कुणाला कळू देणार नाही. बदल्यात घरची नळी प्रोस्पेरच्या नाकात राहील.

रविवारी गाव चर्चमध्ये असताना मी ट्रॅक्टर काढला. पिंप ट्रॉलीवर चढवलं, त्यावर नोएलीची काळी चादर टाकली. प्रोस्पेर मागून चालत येणार म्हणाला. सोलेनने बाहेर न्यायला दिलेली ऑक्सिजनची छोटी टाकी खांद्याला आणि नळी नाकाला लावल्याशिवाय मी ट्रॅक्टर सुरू करणार नाही म्हटलं, तेव्हा त्याने ती पहिल्यांदा मुकाट्याने लावली. पिंप हिंदकळू नये म्हणून मी अगदी सावकाश चाललो होतो. काळी चादर, मागे टोपी हातात घेतलेला म्हातारा. निवृत्त पोस्टमन चर्चला उशिरा निघाला होता, त्याने टोपी काढली आणि प्रोस्पेरच्या शेजारून चालायला लागला.

“कोण गेलं?” त्याने हळूच विचारलं.

“अजून कुणी नाही,” प्रोस्पेर म्हणाला.

पोस्टमन शेडच्या दारापर्यंत आला, टोपी छातीशी धरून थोडा वेळ उभा राहिला, आणि आम्ही काहीच बोलत नाही असं बघून घरी गेला.

त्यानंतर प्रोस्पेर रोज माझ्या शेडमध्ये यायला लागला, खांद्याला टाकी अडकवून. यायचा, पिंपाला कान लावायचा आणि म्हणायचा, “कशी आहे? रात्री झोप लागली का तिला?” या खेपेला तो खरंच विचारत होता. मी सांगायचो, लागली. घरी नळी नाकातच असायची. महिनाभरात त्याच्या गालावर रंग आला आणि त्याने सरपंचाच्या कुत्र्याला लाथ मारली. पैजवाले गोंधळून गेले. मीही निवांत झालो होतो.

जूनच्या सुरुवातीला आम्ही वाइन बाटल्यांत भरली. मी चाखली आणि शेडच्या बाहेर जाऊन उभा राहिलो. बढाई नाही, पण तसं काही माझ्या हातून पूर्वी झालं नव्हतं. त्या माणसाचा हट्ट होता तसाच होता, फक्त तो आता नीट बोलत होता. मी स्वतःशी म्हटलं, फेलिक्स, येत्या रविवारी, त्यांच्या लग्नाच्या पन्नाशीच्या जेवणाला, सगळ्या गावासमोर प्रोस्पेर कास्तेराला कबूल करावं लागेल की ऑक्सिजन बरा. इतकी वर्षं मी यासाठीच जगत होतो.

“छान,” प्रोस्पेर बुचं लावताना म्हणाला. “सोलेनला सांगून ठेवलंय. सोमवारी मशीन घेऊन जा म्हटलं.”

“म्हणजे?”

“रविवारी नोएली पिईल. मग झालं की. पुढे कशाची वाट बघायची?”

मी समजावलं, ओरडलो, शिव्या दिल्या. त्याने चुरगळलेला कान माझ्याकडे केला आणि बुचं लावत राहिला.

मी गुप्ततेचा शब्द दिला होता. शुक्रवारपर्यंत पाळला, मग नोएलीकडे जाऊन सगळं सांगितलं. पिंप, नळी, बहीण, सोमवार, सगळं. ती बदक सोलत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले नाहीत.

“खरंच म्हणाले होते मी तसं,” एवढंच बोलली. आणि मी निघताना, “रविवारी वेळेवर ये.”

तिने एकही भांडं आपटलं नाही. मला त्यानेच जास्त धास्ती वाटली.

रविवारी त्यांच्या अंगणात लिंडेनच्या झाडाखाली लांब टेबलं मांडली होती. अर्धं गाव आलं होतं, पाद्रीबाबा, सरपंच आणि कुत्रा धरून. सोलेनही होती. नोएलीने कोबी, घेवडा आणि बदकाच्या तंगड्या घातलेलं सूप मोठमोठ्या वाडग्यांतून वाढलं. प्रोस्पेर कोट घालून बसला होता. नळी त्याने त्या दिवसापुरती घरात ठेवली होती. बाटली आणायला दहा पावलं चालला तर खुर्चीची पाठ धरावी लागली. त्याने बूच काढलं, नोएलीचा पेला भरला आणि उभाच राहिला. लग्नाच्या दिवशी खानदान बघत होतं तसंच आता अर्धं गाव तिच्या तोंडाकडे बघत होतं.

नोएलीने पेला उचलला. डोळे उघडे ठेवून एक घोट घेतला. तो तिने तोंडात धरून ठेवला, आणि तिचा चेहरा मी बघितला. तिथे टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाला वाटलं की आता ही रडणार.

मग तिने तोंड वाकडं केलं.

“अजून झाली नाही,” ती म्हणाली.

प्रोस्पेरला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. “काय?”

“जीभ चिकटली माझी. भरपूर ठेवायला हवी ही. फेलिक्स, तू बघ.”

तिने पेला माझ्यापुढे सरकवला. प्रोस्पेर माझ्याकडे बघत होता. ती माझी वाइन होती. म्हणजे त्याचीही होती, पण तिच्यातला मऊपणा माझा होता, आणि तो सांगायला अर्धं गाव समोर बसलेलं मला पुन्हा कधी मिळणार नव्हतं. मी घोट घेतला. शेडमध्ये लागली त्याहून चांगली लागली. नोएलीकडे बघितलं. ती सुपाच्या डावाची मूठ घट्ट धरून बसली होती, बोटं पांढरी पडली होती.

“कच्ची आहे,” मी म्हणालो. “माझ्या शेडमध्ये ऑक्सिजन देऊनही काही झालं नाही हिला. पंधरा वर्षं तरी लागतील.”

गावात हसणं फुटलं. कुणीतरी म्हणालं, काय फेलिक्स, पेशंट दगावला का? मी मान खाली घातली.

प्रोस्पेरने माझ्या हातातून पेला घेतला. वाइन नाकाशी नेली, मग एक घोट घेऊन खूप वेळ तोंडात घोळवला. या माणसाने आयुष्यभर दुसरं काही केलं नव्हतं. त्याला एका घोटात पाऊस, माती, तोडणीचा आठवडा सगळं कळायचं. त्याने गिळलं. आधी माझ्याकडे बघितलं, मग नोएलीकडे. तिच्याकडे बराच वेळ बघितलं.

“हो,” तो म्हणाला. “अजून झाली नाही.”

“मग बाकीच्या बाटल्या खाली नेऊन ठेवा,” नोएली म्हणाली. “आज फेलिक्सची प्या. ही फोडलेली आहे, फुकट कशाला घालवायची.”

वाडग्याच्या तळाशी थोडं सूप उरलं की त्यात वाइन ओतायची आणि वाडगा तोंडाला लावायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. फसलेल्या वाइनची हीच जागा. नोएलीने बाटली उलटी करून होती नव्हती तेवढी सगळी आपल्या वाडग्यात ओतली, दोन्ही हातांनी वाडगा उचलला आणि प्यायला लागली. ती घाईने पीत नव्हती. वाडग्याआड तिचा चेहरा दिसत नव्हता, गळा तेवढा हलत होता. थांबली, दम घेतला, पुन्हा प्यायली. शेवटचा थेंब यावा म्हणून वाडगा कलता केला. खाली ठेवला तेव्हा तिचे ओठ जांभळे झाले होते.

“भयंकर तुरट,” ती म्हणाली.

प्रोस्पेर घरात जाऊन नळी घेऊन आला. लांब होती, अंगणापर्यंत पोचली. त्याने ती कानांमागे अडकवली, शिंगं नाकात नीट बसवली आणि तिच्या शेजारी येऊन बसला.

“सोलेन,” तो म्हणाला, “उद्या येऊ नकोस मशीन न्यायला.”

“बरं. मग कधी येऊ?”

प्रोस्पेरने नोएलीचा रिकामा वाडगा पुढे ओढला, आत डोकावून बघितलं. त्यात एक थेंबही नव्हता.

“हिला आवडेल तेव्हा,” तो म्हणाला.